लिनक्सवर ब्राउझरचं प्लगइन चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबुंटू, मिंट किंवा डेबियन वापरणाऱ्या मित्रमंडळींकडून गेली काही वर्षं मला जे प्रश्न येत आहेत, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः फायरफॉक्स आणि क्रोम धरून आहेत. मेनूंची नावं इंग्रजी ब्राउझरमधली दिली आहेत, कारण अडचण आल्यावर शोधाशोध त्याच नावांनी करावी लागते.

प्लगइन, एक्स्टेंशन, अ‍ॅड-ऑन: सगळं एकच ना?

बोलताना आपण एकच म्हणतो, पण आतून त्या वेगळ्या वस्तू आहेत आणि निम्मा घोळ इथेच होतो.

खरं प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या पोटात जाऊन बसणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाईल. फ्लॅश आणि जावा ही त्याची सर्वांत परिचित उदाहरणं. नेटस्केपच्या काळापासून चालत आलेल्या एनपीएपीआय नावाच्या पद्धतीने ती ब्राउझरला जोडली जात. तिला संगणकावर जवळजवळ सगळं करायची मुभा असे, त्यामुळे प्लगइनमधली एक चूक म्हणजे घराचं दार सताड उघडं. शेवटी ब्राउझरांनी ही पद्धतच बंद केली. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या क्रोम ४५ मधून ती पूर्ण गेली (लिनक्सवरच्या क्रोममधून तर २०१४ मध्येच), मार्च २०१७ च्या फायरफॉक्स ५२ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन बंद झाली आणि जानेवारी २०२१ च्या फायरफॉक्स ८५ मध्ये फ्लॅशही गेलं.

आज आपण ज्याला प्लगइन म्हणतो ते एक्स्टेंशन असतं. ते ब्राउझरच्या कुंपणातच राहतं. त्याला बाहेरच्या संगणकाशी काही काम असेल, म्हणजे पासवर्डची फाईल वाचायची असेल किंवा डेस्कटॉपची मांडणी बदलायची असेल, तर बाहेर एक वेगळा प्रोग्रॅम बसवलेला असावा लागतो. थोडक्यात, वस्तू दोन अर्ध्यांची आहे: एक अर्धं आत, एक अर्धं बाहेर. ‘एक्स्टेंशन टाकलं तरी चालत नाही’ ह्या तक्रारीत बहुतेक वेळा आतलं अर्धं अगदी ठणठणीत असतं. बाहेरचं अर्धं बसलेलंच नसतं, किंवा बसलेलं असूनही दोघांची गाठ पडत नसते.

ही गाठ पडते कशी?

ह्या व्यवस्थेला नेटिव्ह मेसेजिंग म्हणतात. बाहेरचा प्रोग्रॅम एका ठरलेल्या फोल्डरात एक छोटी चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीत तीन गोष्टी महत्त्वाच्या: माझं नाव काय, मी डिस्कवर कुठे आहे आणि कोणत्या एक्स्टेंशनला माझ्याशी बोलायची परवानगी आहे. एक्स्टेंशनने त्या नावाने हाक मारली की ब्राउझर चिठ्ठी वाचून प्रोग्रॅम सुरू करतो.

फायरफॉक्ससाठी ही चिठ्ठी घरच्या फोल्डरातल्या डॉट-मोझिला ह्या लपवलेल्या फोल्डरात, ‘नेटिव्ह-मेसेजिंग-होस्ट्स’ नावाच्या उपफोल्डरात असते. क्रोमची वेगळ्या जागी असते आणि क्रोमियमची त्याहून वेगळ्या. म्हणून एखादी जोडणी क्रोममध्ये चालते आणि क्रोमियममध्ये नाही, ह्यात नवल नाही. चिठ्ठी एकाच दारात ठेवलेली असते.

तपासायचं असेल तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि जे ह्या कळा एकत्र दाबा. ब्राउझर कन्सोल उघडेल. आता एक्स्टेंशनवर क्लिक करा. ‘नो सच नेटिव्ह अ‍ॅप्लिकेशन’ असा संदेश आला, तर चिठ्ठी सापडलेली नाही. एक्स्टेंशन दहा वेळा काढून पुन्हा टाकण्याआधी हे एकदा बघा, तासभर वाचेल.

एका जुन्या लेखात ‘एसओ फाईल प्लगइन्स फोल्डरात कॉपी करा’ असं लिहिलंय. ते करू का?

नको. एसओ फाईल म्हणजे लिनक्सवरची लायब्ररी, आणि तो सल्ला एनपीएपीआयच्या काळातला आहे. आजचा ब्राउझर त्या फोल्डरकडे पाहतही नाही.

माझा फायरफॉक्स स्नॅप आहे की डेब? आणि त्याने काय फरक पडतो?

फायरफॉक्सच्या हेल्प मेनूत ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन बायनरी’ ह्या ओळीत फाईलचा पत्ता दिसतो. पत्त्याच्या सुरुवातीलाच ‘स्नॅप’ असेल तर तुमचा ब्राउझर स्नॅप आहे.

उबुंटूने २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात द्यायला सुरुवात केली आणि २२.०४ पासून तिच्या स्वतःच्या भांडारात (सॉफ्टवेअर उतरवायच्या साठ्यात) दुसरा पर्यायच ठेवला नाही. स्नॅप म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या एका डब्यात बंद. डेब म्हणजे डेबियन-उबुंटूचं नेहमीचं, डब्याविना पॅकेज. डब्यातल्या ब्राउझरला बाहेरचं मोजकंच दिसतं. घरच्या फोल्डरातले डॉटने सुरू होणारे लपवलेले फोल्डर त्याला थेट वाचता येत नाहीत, आणि यंत्रणेच्या फोल्डरातल्या लायब्रऱ्या तो स्वतःच्या म्हणून उचलू शकत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही कल्पना चांगली आहे आणि नुसतं वाचन-पाहणं करणाऱ्याला काही फरक जाणवणारही नाही. पण आपला प्रश्न नेमका आत-बाहेर जोडणीचा आहे, त्यामुळे डब्याची भिंत आड येते.

ह्या भिंतीला पुढे एक खिडकी ठेवली गेली. एक्स्टेंशनने बाहेरच्या प्रोग्रॅमला हाक मारली की डेस्कटॉप तुम्हाला परवानगी विचारतो. ती चौकट न वाचता ‘नाही’ म्हणून बंद केली असेल तर जोडणी तिथेच थांबते.

मिंट वापरत असाल तर हा भाग सोडून पुढे जा. मिंटने २० ह्या आवृत्तीपासून स्नॅप बंद ठेवलं आहे आणि तिथला फायरफॉक्स साध्या डेब पॅकेजमधून येतो.

मग उबुंटूवर डेब फायरफॉक्स कसा बसवायचा?

जानेवारी २०२४ मध्ये, फायरफॉक्स १२२ पासून, मोझिला स्वतःच डेब पॅकेजचं भांडार चालवते. माझ्या मते डिजिटल सहीचं टोकन किंवा पासवर्ड-व्यवस्थापक वापरणाऱ्याने हाच मार्ग धरावा. आज्ञा मोझिलाच्या मदत-पानावर दिल्या आहेत. त्या तिथूनच जशाच्या तशा घ्या, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशातून नको. आपण काय करतो आहोत हे मात्र समजून करा.

पायऱ्या चार आहेत. आधी मोझिलाची सही तपासण्याची किल्ली उतरवायची. मग भांडाराचा पत्ता नोंदवायचा. तिसरी पायरी प्राधान्याची, आणि लोक नेमकी तीच गाळतात. उबुंटूच्या भांडारातही ‘फायरफॉक्स’ नावाचं डेब पॅकेज आहे, पण ते पोकळ आहे. बसवलं की ते स्नॅपच आणतं. त्याच्या आवृत्ती-क्रमांकाच्या सुरुवातीला ‘एक आणि अपूर्णविराम’ (1:) असं चिन्ह आहे. एप्टच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हिशेबात ह्या चिन्हाने सुरू होणारा क्रमांक बाकी कोणत्याही साध्या क्रमांकापेक्षा मोठा, त्यामुळे मोझिलाचा खरा फायरफॉक्स कितीही नवा असला तरी एप्ट पोकळ पॅकेजच निवडतं. म्हणून एका छोट्या फाईलमध्ये मोझिलाच्या भांडाराला १००० इतकं प्राधान्य लिहून ठेवावं लागतं. चौथी पायरी, बसवणं.

स्नॅप काढण्याआधी बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड बाहेर काढून ठेवा किंवा फायरफॉक्सच्या खात्याशी सिंक करा. दोन्ही फायरफॉक्सांची प्रोफाइल वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. नवा ब्राउझर कोरा करकरीत उघडला की लोकांच्या पोटात गोळा येतो, तो ह्यामुळेच. स्नॅप काढताना त्याच्या डेटाची आपोआप एक प्रत ठेवली जाते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

किपासएक्ससीचं एक्स्टेंशन सारखं ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतं.

क्रमाने बघा. किपासएक्ससी हा पासवर्ड-व्यवस्थापक उघडा, टूल्समधून सेटिंग्जमध्ये जा, ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ चालू करा आणि खालच्या यादीत तुमच्याच ब्राउझरपुढे खूण करा. ही खूण केली की चिठ्ठी लिहिली जाते. मग पासवर्डांची फाईल कुलूप उघडून समोर ठेवा. बंद फाईलशी एक्स्टेंशन बोलू शकत नाही. त्यानंतर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि एक्स्टेंशनमध्ये ‘कनेक्ट’ दाबा. पहिल्या वेळी जोडणीला एक नाव द्यायला सांगितलं जातं. ‘घरचा लॅपटॉप’ असं काहीही चालेल.

इतकं करूनही जमलं नाही तर पॅकेज कुठून आलं ते पाहा. डेबियनने २०२४ मध्ये हे पॅकेज दोन रूपांत विभागलं, आणि ब्राउझरची जोडणी ‘फुल’ नावाच्या रूपात आहे. सेटिंग्जमध्ये ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ हा विभागच दिसत नसेल तर तुमच्याकडे दुसरं रूप आहे. ब्राउझर फ्लॅटपॅकमधून (स्नॅपसारखंच डबाबंद पॅकेज) घेतला असेल तर ही जोडणी सरळपणे होत नाही. दोन्ही प्रोग्रॅम साध्या डेब पॅकेजातून घेतले की माझ्या अनुभवात दहा मिनिटांत काम होतं.

ग्नोम डेस्कटॉपची एक्स्टेंशन ब्राउझरमधून बसवता येत नाहीत.

ह्यालाही बाहेरचं अर्धं लागतं. त्या पॅकेजचं नाव ‘ग्नोम-ब्राउझर-कनेक्टर’. जुन्या लेखांत ते ‘क्रोम-ग्नोम-शेल’ ह्या नावाने भेटेल. पण ब्राउझरच्या वाटेने जाताच कशाला? ‘एक्स्टेंशन मॅनेजर’ नावाचं वेगळं अ‍ॅप आहे, त्यातून शोधा आणि बसवा.

चित्रपट-मालिकांची संकेतस्थळं उघडतात, पण व्हिडिओ लागत नाही.

दोन वेगळी कारणं संभवतात.

पहिलं, वाइडव्हाइन. सशुल्क व्हिडिओचं कुलूप उघडणारा हा गूगलचा घटक आहे. क्रोममध्ये तो आधीच असतो. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’ ह्यावर खूण करावी लागते. मग तो स्वतः उतरवला जातो, त्यासाठी मिनिट-दोन मिनिटं द्या. भांडारातल्या क्रोमियममध्ये तो सहसा नसतो. क्रोमियमच्या मागे लागून वेळ घालवू नका, ह्या कामापुरता फायरफॉक्स वापरा.

दुसरं, कोडेक, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणारा घटक. लिनक्सवरचा फायरफॉक्स एच-२६४ व्हिडिओ उलगडण्यासाठी यंत्रणेतल्या एफएफएमपेग ह्या लायब्ररीवर अवलंबून असतो. डेब फायरफॉक्स आहे आणि साधे व्हिडिओही अडतात, तर उबुंटूवर ‘उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज’ हे पॅकेज बसवा. फेडोरावर त्यासाठी आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडावं लागतं.

डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का? जीएसटी, ई-निविदा वगैरेंसाठी हवं आहे.

चालतं. मला सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक चुकीची उत्तरं मिळणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी स्वतःला विचारा की टोकन खरंच हवं आहे का. जीएसटीत कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सही सक्तीची आहे, पण एकल मालकीच्या व्यवसायाला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, विवरणपत्र भरता येतं. किराणा दुकानदाराने टोकनच्या भानगडीत पडण्याचं कारण नाही.

टोकन लागणारच असेल तर साखळी अशी: यूएसबीत खोचलेलं टोकन, त्याच्याशी बोलणारी सेवा, टोकनच्या कंपनीची लायब्ररी आणि शेवटी ब्राउझर किंवा साइनर (सही करणारा वेगळा प्रोग्रॅम). खालून वर तपासत या. वरून खाली आलात तर भरकटाल.

टर्मिनलमध्ये एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरं सलग लहान लिपीत टाइप करा. यादीत टोकनची ओळ दिसायला हवी. नसेल तर यूएसबीचं छिद्र बदला. लिनक्सचा दोष शोधण्याआधी तार आणि छिद्र.

ओळ दिसली तर पुढची पायरी पीसीएससीडी नावाची सेवा. बऱ्याच टोकनांना ती लागते. काहींची लायब्ररी थेट यूएसबीशी बोलते, त्यांना नाही. सेवा भांडारात तयार मिळते, तिच्याबरोबर ‘लिब-सीसीआयडी’ आणि ‘पीसीएससी-टूल्स’ ही पॅकेजंही घ्या. दुसऱ्या पॅकेजमधला ‘पीसीएससी-स्कॅन’ टोकन खोचताना आणि काढताना लगेच कळवतो, त्यामुळे खालच्या दोन कड्या जुळल्याची खात्री होते.

आता लायब्ररी. ती पीकेसीएस-११ ह्या मानकाप्रमाणे लिहिलेली एसओ फाईल असते आणि ती टोकनच्या कंपनीकडूनच घ्यावी लागते. ईपास २००३, प्रॉक्सकी, एमटोकन अशी आपल्याकडे चालणारी टोकनं आहेत आणि प्रत्येकाची लायब्ररी वेगळी. ईपास २००३ ला ओपनएससी ह्या मुक्त प्रकल्पाचाही आधार आहे. पण आपल्या हातात येतं ते टोकन विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरने तयार केलेलं असतं; आतली मांडणी निराळी, त्यामुळे अनेकदा ओपनएससीला टोकन दिसतं आणि प्रमाणपत्र दिसत नाही. तसं झालं तर टोकन बिघडलं असं समजू नका, कंपनीची लायब्ररी वापरा.

एकदा महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी, विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, एका ओळखीच्या बाईंच्या कार्यालयात मी दोन तास ह्यात घालवले आहेत. सगळं जुळत होतं, फक्त ब्राउझर लायब्ररी घ्यायला तयार नव्हता. शेवटी उलगडलं की विक्रेत्याने दिलेली फाईल ३२-बिट होती आणि यंत्रणा ६४-बिट. फाईलवर ‘फाईल’ ही आज्ञा चालवली असती तर पहिल्याच मिनिटात कळलं असतं. तेव्हापासून मी ती तपासणी आधी करतो.

लायब्ररी मिळाली. ब्राउझरला कशी द्यायची?

फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे तळाशी ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’. ‘लोड’ दाबून एसओ फाईल दाखवा. पिन विचारला जाईल. मग ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’मध्ये ‘युअर सर्टिफिकेट्स’खाली तुमचं नाव दिसलं की काम झालं. स्नॅप फायरफॉक्स इथे फाईल उचलायला सहसा नकार देतो, म्हणून वर डेबचा आग्रह धरला.

क्रोममध्ये असं बटण नाही. तो घरच्या फोल्डरातली एनएसएस नावाची एक छोटी नोंदवही वाचतो. ‘लिब-एनएसएस३-टूल्स’ पॅकेजमधल्या ‘मॉडयूटिल’ने तिच्यात लायब्ररीची नोंद करावी लागते.

ब्राउझरला प्रमाणपत्र दिसतं, तरी पोर्टल सही घेत नाही.

कारण बरीच पोर्टलं सहीसाठी ब्राउझरला विचारतच नाहीत. जावा अ‍ॅपलेट (पानाच्या आत चालणारा जावाचा छोटा प्रोग्रॅम) बंद झाल्यावर त्यांनी साइनर नावाचा वेगळा प्रोग्रॅम आणला. जीएसटीचा ईएमसाइनर त्यातलाच. तो तुमच्याच संगणकावर चालतो आणि १२७.०.०.१ ह्या स्वतःच्या पत्त्यावर पोर्टलच्या पानाची वाट पाहतो. तो चालू आहे का, ते आधी बघा. मग तो ज्या पत्त्यावर आणि क्रमांकावर थांबला आहे तो ब्राउझरमध्ये एकदा उघडून सुरक्षेच्या इशाऱ्याला मान्यता द्या. ही मान्यता फक्त १२७.०.०.१ साठी, दुसऱ्या कुठल्या पत्त्याला तसा इशारा आला तर मागे फिरा.

काही पोर्टलांचा साइनर फक्त विंडोजसाठीच असतो. तिथे वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) वेळ दवडू नका. व्हर्च्युअलबॉक्स ह्या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विंडोज बसवा, स्वतःला ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात घाला, लॉगआउट करून परत या आणि टोकन त्या आभासी यंत्राकडे वळवा.

पिन चुकतोय. टोकन ‘इनिशियलाइझ’ करू का?

अजिबात नाही! इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट केलं की आतली खाजगी किल्ली आणि प्रमाणपत्र पुसलं जातं. त्याची प्रत कुठेही नसते, टोकनची सारी सुरक्षितता त्यावरच उभी आहे. प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागेल. ठरावीक वेळा पिन चुकला की टोकन कुलूपबंद होतं, म्हणून दोनदा चुकल्यावर हात आवरा आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन करा. टोकन आणि पिन कर-सल्लागाराच्या कपाटात ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या सहीला कायद्याने तुमच्या हाताच्या सहीचं वजन आहे, ते लक्षात ठेवून टोकन स्वतःकडे ठेवा.

कार्यालयातलं एक जुनं पान अजून जावा मागतं.

जेएनएलपी फाईल (जावाचा प्रोग्रॅम सुरू करणारी) उतरत असेल तर आशा आहे: ‘आइस्डटी-वेब’ किंवा ‘ओपनवेबस्टार्ट’ने ती ब्राउझरच्या बाहेर चालवता येते. पानाच्या आतच अ‍ॅपलेट असेल तर नव्या ब्राउझरमध्ये मार्ग नाही. ओरॅकलनेही सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून ब्राउझरचं प्लगइन काढून टाकलं. जुना ब्राउझर ठेवायचाच असेल तर आभासी यंत्रात, त्या एका पानापुरता. त्यावर बँक उघडू नका.

शाळेकडे फ्लॅशमधले जुने धडे आहेत. ते गेले का?

गेले नाहीत, आणि हे सांगताना मला फार आनंद होतो. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने आशय दाखवणं बंद केलं. पण ‘रफल’ हा मुक्त प्रकल्प त्याच फाईली नव्याने चालवतो. त्याचं एक्स्टेंशन आहे आणि डेस्कटॉपवर चालणारा स्वतंत्र प्रोग्रॅमही. एक्स्टेंशनला बाहेरचं अर्धं लागतच नाही, त्यामुळे स्नॅपमध्येही ते विनातक्रार चालतं. ॲक्शनस्क्रिप्ट ह्या फ्लॅशच्या भाषेच्या १ आणि २ ह्या आवृत्त्यांमधले धडे बहुधा नीट दिसतात. ३ मधल्यांपैकी काही अडखळतात. सीडीवरच्या धड्यांची आधी हार्ड डिस्कवर प्रत करा, मग एकेक उघडून पाहा. सीड्या फार दिवस टिकत नाहीत.

मराठी टायपिंगसाठी कोणतं एक्स्टेंशन घेऊ?

कोणतंही नको. सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात इनपुट सोर्स म्हणून मराठी जोडा, इन्स्क्रिप्ट लगेच मिळेल. उच्चाराप्रमाणे लिहायचं असेल तर आयबस ह्या टायपिंगच्या व्यवस्थेचं ‘एम१७एन’ पॅकेज घ्या. टायपिंगच्या एक्स्टेंशनला तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द वाचायची परवानगी द्यावी लागते, पासवर्डसकट.

सगळं चालत होतं. उबुंटूची आवृत्ती वाढवली आणि पुन्हा बंद पडलं.

आवृत्ती वाढवताना उबुंटू बाहेरची सगळी भांडारं बंद करते, त्यात मोझिलाचंही येतं. मग पोकळ पॅकेजला रान मोकळं मिळतं आणि स्नॅप परत येतो. हेल्प मेनूतली ती ‘अ‍ॅप्लिकेशन बायनरी’ची ओळ पुन्हा पाहा. पत्ता स्नॅपचा असेल तर भांडार चालू करा, प्राधान्याची फाईल जागेवर आहे ना ते बघा आणि फायरफॉक्स पुन्हा बसवा. तुमचं जुनं प्रोफाइल डिस्कवर तसंच असतं. डेब फायरफॉक्स ते उचलतो. टोकन वापरत असाल तर ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’मध्ये लायब्ररीची नोंद शाबूत आहे का तेही पाहा, आणि हे सगळं २० तारखेच्या आदल्या आठवड्यात करा.